तळटिपा तीन, साक्षीदार एक: टाय कॉबच्या चरित्रनोंदीची दुरुस्ती

‘१९१२ साली डेट्रॉइटमध्ये कॉबने एका माणसाला ठार मारलं.’ एका खुल्या ऑनलाइन ज्ञानकोशातल्या अमेरिकन बेसबॉलपटू टाय कॉबच्या नोंदीत हे वाक्य होतं आणि त्याच्यामागे तीन तळटिपा होत्या. तीन तळटिपा दिसल्या की वाचक निर्धास्त होतो, संपादकही होतो. नोंद सुधारायला घेतल्यावर या तिन्ही टिपा उघडून पाहिल्या. एक जुन्या वर्तमानपत्री स्तंभाची, दुसरी ‘इतिहासातले सर्वांत वाईट वृत्तीचे खेळाडू’ छापाच्या यादीची आणि तिसरी १९९४ सालच्या एका चरित्राची. यादी सरळसरळ चरित्रावरून उतरवलेली होती. स्तंभाने माहितीचा उगम सांगितला नव्हता, पण त्यातला तपशील १९६१ सालच्या एका मासिक लेखाशी ओळीनिशी जुळत होता. तो लेख आणि ते चरित्र, दोन्ही एकाच माणसाचं: अल स्टंप.

म्हणजे संदर्भ तीन आणि साक्षीदार एक. पुढे या नोंदीत जे काही करावं लागलं, ते बहुतेक या एका शोधातून निघालं.

कोण हा कॉब

टायरस रेमंड कॉब. जन्म १८ डिसेंबर १८८६, जॉर्जिया राज्यातलं नॅरोज हे खेडं. १९०५ ते १९२६ डेट्रॉइट टायगर्स, शेवटचे दोन हंगाम फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स, एकूण चोवीस हंगाम. बेसबॉलमधली बॅटिंग अ‍ॅव्हरेज आपल्या क्रिकेटसारखी धावा भागिले बाद अशी नसते. अधिकृत धरलेल्या दर संधीमागे किती हिट, म्हणजे चेंडू टोलवून किमान पहिला बेस (धावण्याचा टप्पा) किती वेळा गाठला, एवढंच ती सांगते. दहात तीन हिट म्हणजे उत्तम खेळाडू. कॉबचं हे प्रमाण चोवीस वर्षांच्या सरासरीने .३६६ आहे, किंवा .३६७. या ‘किंवा’कडे पुढे येतोच. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिलं मतदान झालं तेव्हा २२६ पैकी २२२ मतं त्याला पडली; बेब रूथला २१५. त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेल्या पत्रकारांचं हे मत होतं.

नोंदीत मात्र ही कारकीर्द दोन परिच्छेदांत आटोपलेली, आणि भांडणं, मारामाऱ्या, शिव्या यांना पानभर जागा. १९०७, १९०८ आणि १९०९ अशी सलग तीन वर्षं टायगर्स लीग जिंकून वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, गेले आणि तिन्ही वेळा हरले, हेसुद्धा नव्हतं. १९२१ पासून सहा वर्षं तो संघाचा मॅनेजर होता, तेही नाही. असा असमतोल नुसती भर घालून जात नाही. आधी पानभर मजकुरातलं खरं किती, ते ठरवावं लागतं.

स्टंपची भानगड

१९६० साली कॉब कर्करोगाने आजारी होता आणि त्याला आत्मचरित्र लिहून हवं होतं. प्रकाशकाने शब्दांकनासाठी क्रीडापत्रकार अल स्टंपला नेमलं. १७ जुलै १९६१ रोजी कॉब गेला, त्यानंतर थोड्याच काळात पुस्तक आलं. ते बऱ्यापैकी सौम्य होतं, कॉबची बाजू मांडणारं. त्याच वर्षाच्या शेवटी स्टंपने ‘ट्रू’ या पुरुषवाचकांच्या मासिकात लेख लिहिला आणि त्यात वेगळाच कॉब उभा केला: दारुडा, पिस्तूल बाळगणारा, सगळ्यांनी टाकलेला म्हातारा, ज्याने म्हणे स्टंपपाशी एका खुनाची कबुली दिली. १९९४ मध्ये त्याच मालमसाल्याचं पुस्तक झालं, त्याच वर्षी टॉमी ली जोन्सला घेऊन सिनेमा आला, आणि लोकांच्या डोक्यात तोच कॉब बसला.

मेलेला माणूस खुलासा करत नाही, हे स्टंपच्या पथ्यावर पडलं. पण पुढे संशोधकांनी त्याचं एकेक विधान कागदांशी ताडून पाहिलं. अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेच्या प्रकाशनांत त्यावर दोन महत्त्वाचे लेख आले. एक डेट्रॉइटच्या कथित खुनावर, १९९६ चा. दुसरा २०१० चा, खुद्द स्टंपच्या विश्वासार्हतेवर. तो लिहिणाऱ्याचं आडनाव कॉब असलं तरी नात्याचा संबंध नव्हता. स्टंपने कॉबच्या नावाने वस्तू आणि पत्रं विकली आणि त्यातली बरीच बनावट होती, हे दुसऱ्या लेखात सविस्तर आहे. हॉल ऑफ फेमच्या संग्रहात कॉबची म्हणून जपलेली एक डायरीही तपासणीत खोटी ठरली.

ज्ञानकोशाच्या दृष्टीने इथे पेच आहे. स्टंपची पुस्तकं नामांकित प्रकाशकांची. ‘विश्वसनीय स्रोत’ची ढोबळ व्याख्या लावली तर ती सहज बसतात. प्रकाशक कोण, हा पहिला प्रश्न ठीक आहे, पण त्यावर थांबून चालत नाही. हे विधान पहिल्यांदा कोणी केलं, केव्हा केलं, आणि ते कळण्याची त्याला काय सोय होती, हेही विचारावं लागतं.

डेट्रॉइटच्या वाक्यावर हे प्रश्न लावून पाहिले. ऑगस्ट १९१२ मध्ये कॉब बायकोबरोबर मोटारीतून रेल्वे स्टेशनकडे जात असताना तिघांनी त्याला अडवलं, झटापट झाली, त्याला चाकूची जखम झाली, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो सामना खेळला. हे त्या वेळच्या बातम्यांत आहे. मृत्यूचा दावा मात्र जवळजवळ पन्नास वर्षांनी, कॉब गेल्यावर, एकट्या स्टंपने केला. १९९६ चा लेख लिहिणारे स्वतः माजी सरकारी वकील. त्यांनी त्या काळच्या शवचिकित्सेच्या नोंदी चाळल्या. तसा मृत्यू त्यांना आढळला नाही.

नवा मजकूर असा झाला: ‘ऑगस्ट १९१२ मध्ये डेट्रॉइटमध्ये तिघांनी कॉबवर हल्ला केला, त्यात तो जखमी झाला. यातला एक हल्लेखोर कॉबच्या हातून मेला, असं अल स्टंप यांनी १९६१ मध्ये कॉबच्या मृत्यूनंतर लिहिलं. पुढे झालेल्या संशोधनात अशा मृत्यूची अधिकृत नोंद सापडलेली नाही.’ एका वाक्याची तीन झाली. दावा पूर्ण काढून टाकावा, असंही एका सहसंपादकाचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. ही गोष्ट इतकी पसरली आहे की नोंदीत ती दिसली नाही, तर पुढच्या महिन्यात कोणीतरी ती ‘राहून गेली’ म्हणून परत घालणार. दाव्याचा जन्म कुठे झाला ते सांगून तो ठेवणंच बरं.

बंदूक की पिस्तूल

ऑगस्ट १९०५ मध्ये, कॉब मोठ्या लीगमध्ये पाऊल ठेवण्याच्या तीन आठवडे आधी, त्याच्या वडिलांना त्याच्या आईने गोळी घातली. वडील विल्यम हर्शेल कॉब शिक्षक, वृत्तपत्राचे संपादक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य. रात्री खिडकीशी कोणी घुसतोय असं वाटून आपण गोळी झाडली, असं आई अमांडा हिचं म्हणणं होतं. खटला चालला, मार्च १९०६ मध्ये ती निर्दोष सुटली. मधल्या काळात, ३० ऑगस्टला, अठरा वर्षांचा टाय डेट्रॉइटकडून पहिला सामना खेळला आणि पहिल्याच संधीत जॅक चेस्ब्रोसारख्या पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) डबल, म्हणजे दोन बेसचा हिट, मारला.

नोंदीत ‘शॉटगन’ होतं. तेही स्टंपचं. त्या वेळच्या बातम्या आणि चौकशीचे कागद पिस्तूल सांगतात. फरक क्षुल्लक वाटेल, पण शॉटगन म्हटलं की छिन्नविच्छिन्न देह, रक्त, मुलाच्या मनावरचा आघात आणि मग ‘म्हणून तो असा झाला’ हे सगळं वर्णन ओघाने येतं. नोंदीत आलंच होतं. शस्त्र बदललं तसे त्यावर रचलेले दोन परिच्छेद काढले. आईवरचा विवाहबाह्य संबंधांचा वहीम हीही गावगप्पा. खटल्याच्या निकालापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही.

वंशद्वेषाचा परिच्छेद

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

स्टंपला बाजूला केलं तरी १९८४ चं चार्ल्स अलेक्झांडर यांचं चरित्र उरतं. अलेक्झांडर इतिहासाचे प्राध्यापक, पुस्तक विद्यापीठीय प्रकाशनाचं. कॉबने कृष्णवर्णीयांवर केलेल्या हल्ल्यांची मालिका त्यात आहे, आणि पुढची तीस वर्षं सगळ्यांनी तिथूनच उचललं. २०१५ मध्ये चार्ल्स लियरसन यांचं चरित्र आलं. त्यांनी या मालिकेतली एकेक घटना जनगणना आणि जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिली. १९०९ मध्ये क्लीव्हलंडच्या हॉटेलात कॉबची ज्याच्याशी मारामारी झाली तो रखवालदार कृष्णवर्णीय असल्याचं अलेक्झांडर यांनी लिहिलं होतं; लियरसन यांना तो गोरा असल्याचं आढळलं. याच प्रकारे आणखीही नावं गळाली.

आता लंबक दुसरीकडे जाण्याचा धोका. लियरसन यांच्या पुस्तकानंतर कॉब हा गैरसमजाचा बळी, बिचारा सज्जन, अशा थाटाचे लेख भराभर आले, आणि नोंदीतला सबंध परिच्छेद उडवून ‘हे आरोप खोटे ठरले आहेत’ असं एकच वाक्य टाकण्याचा प्रस्ताव चर्चापानावर आला. जुन्या साक्षीदाराच्या जागी नवा बसवायचा, एवढाच याचा अर्थ. लियरसन यांचं काम चांगलं आहे, पण तेही कॉबची वकिली करायला बसले आहेत, हे वाचताना लपत नाही.

काय टिकतं, हे वेगळं पाहावं लागलं. १९०७ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात सरावाच्या काळात मैदानाची देखभाल करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगाराशी त्याची मारामारी झाली. १९०८ मध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यावर डांबराचं काम करणाऱ्या फ्रेड कॉलिन्स या कृष्णवर्णीय मजुराला त्याने मारलं; ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि कॉबने ७५ डॉलर देऊन मिटवलं. कॉलिन्सची घटना कोणत्याही चरित्राने नाकारलेली नाही; ऑगस्टा शहरातल्या मारामारीबद्दल मात्र लियरसन यांनी शंका घेतली आहे. दोन्ही घटना नोंदीत राहिल्या.

आणि १५ मे १९१२ ची न्यूयॉर्कची घटना. क्लॉड लुकर नावाचा प्रेक्षक कॉबला सतत शिव्या देत होता. कॉब प्रेक्षकांत चढला आणि त्याने त्याला बेदम मारलं. लुकरचा एक हात कामाच्या ठिकाणच्या अपघातात गेला होता, दुसऱ्याची काही बोटंही नव्हती. कॉब तरी थांबला नाही. लीगच्या अध्यक्षांनी त्याला निलंबित केलं, तर सहकाऱ्यांनी त्याच्या बाजूने संप केला. त्यातल्या कित्येकांना तो आवडत नव्हता, तरीही. १८ मे रोजी फिलाडेल्फियात टायगर्सनी रस्त्यावरून गोळा केलेल्या मुलांचा संघ उतरवला आणि तो २४–२ ने हरला. ही गंमत प्रत्येक जण सांगतो. शिवी काय होती हे फार जण सांगत नाहीत. कॉबच्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे, अशा अर्थाची ती होती, आणि तेवढं ऐकल्यावर कोणीही हात उचलणारच, असं त्या ड्रेसिंग रूमला वाटत होतं. १९१२ ची अमेरिका आणि तिच्यातला कॉब समजायला ही घटना माझ्या मते रखवालदाराच्या वंशावरच्या वादापेक्षा जास्त उपयोगी आहे. म्हणून ती प्रस्तावनेत गेली.

वंशद्वेषाच्या परिच्छेदात १९५२ हेही आलं. टेक्सासच्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू येऊ लागले तेव्हा पासष्ट वर्षांच्या कॉबने ‘स्पोर्टिंग न्यूज’ला सांगितलं की त्यांना खेळात मनापासून स्वीकारलं पाहिजे, नाइलाजाने नव्हे. १९०८ चा कॉलिन्स आणि १९५२ ची मुलाखत यांची बेरीज-वजाबाकी करून ‘तो वंशद्वेष्टा होता’ किंवा ‘नव्हता’ असं उत्तर काढण्याचा मोह होतो. ते आम्ही टाळलं. सालं दिली, घटना दिल्या, कोणत्या चरित्रकाराने काय निष्कर्ष काढला ते त्याच्या नावावर दिलं.

इथे एक कामाची अट सांगायला हवी. जनगणनेची जुनी पानं आज घरबसल्या उघडता येतात. पण ज्ञानकोशाच्या संपादकाने स्वतः ती उघडून ‘हा माणूस गोरा होता’ असं लिहायचं नसतं. ते स्वतःचं संशोधन झालं. नावसाधर्म्य असतं, पत्ते चुकतात, वंशाचा रकाना भरणारा कारकूनही चुकतो. प्रसिद्ध झालेल्या, जबाबदार संशोधकाच्या निष्कर्षापर्यंतच जायचं. ही अट कधीकधी जाचते, पण वाद घालणाऱ्या दोघांनाही ती सारखीच लागू असते.

दोन हिटचा हिशेब

स्वभावावरून वाद होणार हे गृहीत होतं. आकड्यांवरून होईल असं सहसा वाटत नाही, पण माहितीचौकटीतला ‘४१९१ हिट’ हा आकडा दर थोड्या दिवसांनी कोणीतरी ४१८९ करायचा आणि दुसरा परत फिरवायचा. दोघांकडेही संदर्भ पक्का.

मूळ १९१० मध्ये आहे. त्या वर्षी चाल्मर्स कंपनीने सर्वोत्तम बॅटिंग अ‍ॅव्हरेजसाठी मोटारगाडी बक्षीस लावली होती. कॉब पुढे होता आणि शेवटचे दोन सामने न खेळता बसून राहिला. ९ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये क्लीव्हलंडचा नॅप लाजवे दोन सामने खेळणार होता. सेंट लुईसचा मॅनेजर जॅक ओ’कॉनरला कॉब नको होता. त्याने थर्ड बेसवरच्या नवख्या रेड कॉरिडनला पार मागे उभं केलं. लाजवेने चेंडू नुसता हलकेच त्या बाजूला ढकलायचा आणि धावत फर्स्ट बेस गाठायचा. दोन सामन्यांत त्याला आठ हिट मिळाले, बहुतेक सगळे असेच. गवगवा झाला, ओ’कॉनरची नोकरी गेली. लीगने हिशेब करून कॉबला किंचित पुढे ठरवलं आणि कंपनीने शहाणपणाने दोघांनाही गाडी दिली.

पुढे आकडेवारीचे अभ्यासक पीट पामर यांना जुन्या वह्यांत आढळलं की कॉबचा एक सामना, तीन संधींतले दोन हिट, दोनदा धरला गेला होता. १९८१ मध्ये ‘स्पोर्टिंग न्यूज’ने ते छापलं. दुरुस्ती केली तर १९१० चा मानकरी लाजवे ठरतो, कॉबची बॅटिंगची विजेतेपदं बाराऐवजी अकरा होतात आणि एकूण हिट ४१८९. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी क्यून यांनी निकाल बदलायला नकार दिला. त्यामुळे मेजर लीगच्या अधिकृत यादीत आजही ४१९१ आणि .३६७, तर संशोधकांच्या आकडेवारीत ४१८९ आणि .३६६.

कॉबचा सर्वाधिक हिटचा विक्रम मोडणाऱ्या पीट रोझलाही याचा फटका बसतो. ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत त्याने ४१९२ वा हिट मारला तेव्हा सामना थांबवून जल्लोष झाला. ४१८९ धरलं तर विक्रम तीन दिवस आधी शिकागोत, पहिल्याच हिटवर मोडला होता आणि मैदानात कोणाला पत्ता नव्हता.

चौकटीत कोणता आकडा? काहींनी सुचवलं की अधिकृत तो खरा. काहींनी, दुरुस्त तो खरा. शेवटी दोन्ही ठेवले, अधिकृत आधी, आणि त्याला जोडून या भानगडीचा तीन ओळींचा खुलासा. फिरवाफिरवी त्या दिवसापासून जवळपास थांबली. आकडा लिहिताना तो कोणाच्या हिशेबाने आहे, हे लिहिलं की अर्धी भांडणं मिटतात.

‘सर्वकालीन सर्वोच्च सरासरी’ हे विशेषण मात्र जावंच लागलं. मे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीग्जची, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जुन्या वेगळ्या लीगची, आकडेवारी आपल्यात सामावून घेतली आणि जॉश गिब्सन .३७२ वर पहिला आला. काहींना हे रुचलं नाही: कमी सामने, वेगळी लीग, वगैरे. पण ज्या खेळाडूंना कॉबच्या लीगमध्ये कधी उतरूच दिलं नाही, त्यांच्या सामन्यांची संख्या कमी भरली, ही तक्रार कोणी करावी? नोंदीत आता ‘२०२४ पर्यंत अधिकृत यादीत पहिला’ असं आहे.

चित्र आणि उरलेलं काम

कॉब बुटांच्या स्पाइक्सना (खिळ्यांना) धार लावून बसायचा, ही दुसरी लाडकी कथा. २४ ऑगस्ट १९०९ ला त्याने स्लाइड करताना, म्हणजे बेसकडे घसरत जाताना, फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरच्या हाताला जखम केली आणि फिलाडेल्फियात हलकल्लोळ माजला. डेट्रॉइटच्या एका वृत्तछायाचित्रकाराने नेमका तो क्षण टिपला होता. चित्रात कॉब बेसच्या बाहेरच्या अंगाने घसरतोय आणि बेकर आडवा वाकून त्याला टॅग करायला, म्हणजे चेंडू लावून बाद करायला, हात पुढे करतोय. बेकर पट्टी बांधून उरलेला सामना खेळला. त्या काळात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन छायाचित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे, त्यामुळे असं चित्र नोंदीत वापरायला अडचण नाही. चित्राखाली फक्त तारीख, ठिकाण, दोघांची नावं. ‘यावरून सिद्ध होतं की’ असं काही लिहायचं नाही, असं ठरलं.

निवृत्तीनंतरचा भागही भरला: कोका-कोलाच्या शेअरमधला पैसा, १९५० मध्ये रॉयस्टन गावात आईवडिलांच्या नावाने उभं केलेलं रुग्णालय, १९५३ चा शिष्यवृत्ती निधी. अंत्यविधीला बेसबॉलमधली तीनच माणसं आली, हे करुण वाक्य काढलं. घरच्यांनी विधी खासगी ठेवला होता, ही अर्धी बाजू त्यात गाळलेली होती.

सगळ्यांत अशक्त विभाग अजून १९२६–२७ चा आहे. डच लेनर्ड या जुन्या सहकाऱ्याने आरोप केला की २५ सप्टेंबर १९१९ चा क्लीव्हलंडविरुद्धचा सामना कॉब आणि क्लीव्हलंडचा ट्रिस स्पीकर यांनी आधीच ठरवला होता आणि त्यावर पैसे लावायचा बेत होता. लेनर्डकडे पत्रं होती. कॉबचं एक होतं. आयुक्त लँडिस यांनी बोलावलं तेव्हा लेनर्ड साक्षीला आला नाही, आणि २७ जानेवारी १९२७ रोजी दोघंही निर्दोष ठरले. सध्याचा मजकूर फक्त हा निकाल सांगतो. पत्रात काय होतं, आणि निकालाच्या आधीच दोघांनी आपापले संघ का सोडले, यावर चरित्रकारांची मतं जुळत नाहीत. पुढचा मसुदा त्या विभागाचा आहे.